तीन भोकांचे लाकूड

ओंजळीत मावेल एवढे लाकूड. वरून वाटीसारखे खोलगट, बाहेरच्या अंगाला कोरीव पट्टे. वाटीच्या तळाशी तीन भोके, सारख्या अंतरावर, खाली उतरत गेलेली. शहरातल्या दिवाणखान्यात असे लाकूड मेणबत्त्या लावायला किंवा सुकी फुले खोचायला ठेवलेले असते आणि आल्यागेल्याला ‘जुनी कलाकुसर’ म्हणून दाखवले जाते. तेच जालना जिल्ह्यातल्या भोकरदन किंवा घनसावंगी तालुक्यातल्या सत्तरीच्या शेतकऱ्यापुढे ठेवावे. नाव सांगायच्या आधी त्याचा हात पुढे येतो, मूठ अर्धवट वळते आणि अंगठा बोटांवरून बी सोडल्यासारखा फिरतो. मग तो म्हणतो, ‘चाडं हाय.’

हे तिफणीचे चाडे. तिफणीला तीन फण, म्हणून चाड्याला तीन भोके. प्रत्येक भोकाखाली एक पोकळ नळा आणि नळ्याचे दुसरे टोक फणामागे मातीत. मुठीतून सुटलेले बी चाड्यात पडते, तिथून तीन वाटांनी तीन तासांत जाते. दुफणीच्या चाड्याला दोनच भोके. म्हणजे भोके मोजली की औजाराचे नाव कळते. चाड्यावर मूठ धरणे हे कसबाचे काम. मूठ सैल पडली तर बी दाट पडते, आवळली तर तास रिकामे जाते. म्हणून पेरणीच्या दिवशी चाड्यावर घरातले सर्वांत भरवशाचे माणूस असे, पुष्कळदा बाई. यातले काहीही त्या लाकडावर लिहिलेले नाही.

जुन्या वस्तूचा उपयोग ओळखणे म्हणजे काय, याचा सगळा पसारा या एका लाकडात आहे. पुरातत्त्वाच्या अभ्यासकांपुढे हा प्रश्न रोज उभा असतो. संग्रहालयात दर नव्या वस्तूबरोबर तो येतो. जुने वाडे आणि पत्र्याची घरे पाडून स्लॅबची घरे बांधणाऱ्या प्रत्येक कुटुंबापुढेही माळ्यावरचा ढीग खाली उतरवताना तोच प्रश्न असतो: हे कशासाठी होते? वस्तूची नुसती तपासणी करून त्याचे अर्धेच उत्तर मिळते. उरलेले अर्धे ज्या हातांनी ती वापरली त्या हातांत असते, आणि ते हात आता म्हातारे झाले आहेत.

जालना जिल्ह्याशी जोडलेले या प्रश्नाचे सर्वांत नामांकित उदाहरणही एका भोकाचेच आहे. १९३८ साली इटलीत पाँपेई या गाडल्या गेलेल्या नगरात अमेदेओ माइउरी यांच्या उत्खननात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती निघाली. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली ते नगर गडप झाले, म्हणजे मूर्ती त्याआधीची. उंची सुमारे २५ सेंटीमीटर, अंगभर दागिने, दोन्ही बाजूंना प्रसाधनाचे साहित्य घेतलेल्या दोन छोट्या दासी. आधी तिला लक्ष्मी म्हटले गेले, पुढे अभ्यासक तिला यक्षी मानू लागले. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे आणि ज्या घरात ती सापडली ते घर ‘भारतीय मूर्तीचे घर’ म्हणून ओळखले जाते.

तिच्याशी नाते सांगणारी हस्तिदंती मूर्ती १९७३ मध्ये भोकरदनला, केळणा नदीकाठच्या उत्खननात सापडली. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. पैठणहून उज्जैनकडे जाणाऱ्या व्यापारी वाटेवरचे गाव. तिथल्या दानशूरांची नोंद सांची आणि भारहूतच्या दानलेखांत आहे. नागपूर विद्यापीठ आणि मराठवाडा विद्यापीठ यांनी मिळून हे उत्खनन केले आणि शां. भा. देव व र. शं. गुप्ते यांचा अहवाल पुढच्याच वर्षी, १९७४ मध्ये, प्रसिद्ध झाला. अशाच घडणीची आणखी एक मूर्ती धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला मिळाली. तेर म्हणजे प्राचीन तगर. तिथे रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात आणि आसपास सापडणाऱ्या वस्तू जमवून मोठा संग्रह उभा केला. तो आज शासकीय संग्रहालय म्हणून पाहता येतो.

पाँपेईच्या मूर्तीच्या डोक्यावरून खाली एक उभे भोक पाडलेले आहे. त्यात काहीतरी बसत होते, हे उघड आहे. काय बसत होते, यावर गेली कित्येक दशके वाद आहे.

एक मत असे की ही आरशाची मूठ. धातूच्या गोल आरशाचा दांडा डोक्यातल्या भोकात बसवायचा आणि मूर्ती हातात धरायची. दासींच्या हातांतले प्रसाधनाचे साहित्य या मताला बळ देते. दुसरे मत असे की हा एखाद्या छोट्या मेजाचा किंवा आसनाचा पाय. अफगाणिस्तानातल्या बेग्रामला फ्रेंच पुरातत्त्वज्ञांना १९३७ आणि १९३९ मध्ये भारतीय हस्तिदंती कामाचा मोठा साठा मिळाला, तो बराचसा बैठकीच्या सामानाचाच होता. शिवाय पाँपेईच्या मूर्तीच्या तळाशी खरोष्ठी लिपीतले एक अक्षर कोरलेले आहे. सुतार चौकट जोडण्याआधी तुकड्यांवर खुणा करतो, तशी ही जोडणीची खूण असावी असे काही अभ्यासक मानतात. पण खरोष्ठी ही वायव्येकडची लिपी, दख्खनची नव्हे. त्यामुळे उपयोगाचा पुरावा शोधायला गेले की मूर्ती घडली कुठे हा प्रश्न पुन्हा उघडतो. मूर्ती भोकरदनला घडल्याचा दावा भक्कम आहे, पण हे एक अक्षर त्याच्या आड उभे आहे.

या वादात मेजाच्या पायाचे पारडे थोडे जड वाटते. वीतभराहून उंच, चहूबाजूंनी कोरलेली, दासींमुळे आणखी रुंद झालेली मूर्ती एका हातात धरून तोंड पाहणे अवघड आहे. तरी हा तर्कच. भोकाच्या आतल्या बाजूला घासल्याच्या खुणा कशा आहेत, भार वरून पडला की दांडा आत-बाहेर झाला, हे भिंगाखाली पाहिल्याशिवाय तर्काचा निकाल होत नाही.

आता या मूर्तींच्याच, म्हणजे सातवाहन काळातली दुसरी वस्तू घ्यावी, जिच्याबद्दल वाद उरलेला नाही. मराठवाडा आणि अहिल्यानगर भागातल्या त्या काळच्या वसाहतींत भाजक्या मातीच्या छोट्या वड्या सापडतात. एक बाजू गुळगुळीत, दुसरीवर आडव्यातिडव्या खोल रेघा. परक्या देशातल्या अभ्यासकाला त्या ठसे वाटतील, कापडावर नक्षी उठवण्याचे साचे वाटतील. इथल्या अभ्यासकांनी त्या अंग घासण्याच्या वड्या म्हणून ओळखल्या, आणि ओळख पटायला फार लांब जावे लागले नाही. कारण न्हाणीघरात टाच घासायची वज्री इथे वापरात होती. पितळेची पोकळ वज्री, वरती मोर किंवा हत्ती, पोटात खुळखुळणारे खडे आणि तळाला तशाच आडव्यातिडव्या रेघा. जिला पितळेची परवडत नाही ती बाई आजही खंगराने टाच घासते. माती, पितळ आणि जळकी वीट अशा तीन वस्तूंमधून दोन हजार वर्षांची एकच सवय चालत आली, म्हणून उत्तर मिळाले.

वज्रीचे नमुने पाहायचे तर पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय गाठावे. दिनकर गंगाधर केळकर ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. १९२० च्या सुमारास त्यांनी वस्तू जमवायला सुरुवात केली आणि लहानपणीच गेलेल्या राजा या मुलाचे नाव संग्रहाला दिले. पुढे तो संग्रह त्यांनी राज्य शासनाच्या स्वाधीन केला. आज तिथे २० हजारांहून अधिक वस्तू आहेत, त्यातल्या अडीच हजारांच्या आसपास मांडलेल्या असतात. राजेरजवाड्यांच्या तलवारी जमवणारे पुष्कळ झाले. केळकरांनी अडकित्ते, दिवे, कुलपे, किसण्या, विळ्या, शाईच्या दौती आणि शेवयांचे साचे जमवले. ज्या वस्तू घरोघरी होत्या म्हणून कुणी जपत नव्हते, त्याच नेमक्या त्यांनी उचलल्या. त्यांचे मोठेपण इथे आहे.

परंपरा तुटली की काय होते, याचे उदाहरण युरोपात आहे. रोमन साम्राज्याच्या वायव्य प्रांतांत पितळी-काशाच्या पोकळ वस्तू सापडतात. बारा पंचकोनी बाजू, प्रत्येकीला वेगवेगळ्या मापाचे गोल भोक, प्रत्येक कोपऱ्यावर एक गोळी. अशा शंभराहून अधिक वस्तू ठाऊक आहेत. २०२३ मध्ये इंग्लंडच्या लिंकनशायर परगण्यात हौशी उत्खनकांना एक जवळपास अखंड मिळाली. मेणबत्तीचे घर, अंतर मोजायचे साधन, हातमोजे विणायचा साचा, जादूटोण्याची वस्तू अशी किती तरी उत्तरे दिली गेली. एकही टिकले नाही. त्या काळच्या ग्रंथांत तिचा उल्लेख नाही, चित्रांत ती नाही आणि तिच्याशी नाते सांगणारी कुठलीही वस्तू नंतरच्या घरांत उरली नाही. तिथे खुणेने सांगणारा शेतकरी नाही.

उत्तर सुचेना की ‘धार्मिक उपयोगाची वस्तू’ असे लिहून मोकळे व्हायची खोड जगभरच्या अहवालांत आहे. ती घातक आहे, कारण ते उत्तर खोटे ठरवता येत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेकाठी दायमाबादला १९७४ मध्ये काशाची चार शिल्पे मिळाली: बैलांच्या रथात उभा पुरुष, रेडा, हत्ती आणि गेंडा. जनावरांना चाके आहेत, म्हणून पहिला विचार खेळण्यांचा येतो. पण चौघांचे मिळून वजन ६० किलोहून जास्त आहे. इतके वजन मुलांच्या हाती कोण देईल? मिरवणुकीत ओढायची असतील हे म. के. ढवळीकरांसारख्या पुरातत्त्वज्ञांचे मत वजनाकडे पाहता पटते. तिथे धार्मिक उपयोग हे उत्तर पुराव्यातून आले. हात टेकल्यावर आलेले नव्हे. काळाबद्दलचा वाद मात्र धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावरून अजून चालूच आहे.

वस्तू कुठे आणि कशाशेजारी सापडली, यावरून निम्मी कोडी सुटतात. भोकरदनचे उत्खनन करणाऱ्या शां. भा. देवांनीच नागपूरजवळ माहुरझरीची शिळावर्तुळे उकरली. तिथे तांब्याच्या पत्र्याचे अलंकार मिळाले. सुटे हाती आले असते तर माणसाचे मुखवटे किंवा ढालीवरची नक्षी ठरले असते. पण ते घोड्याच्या अवशेषांजवळ होते, सोबत लोखंडी लगाम होते. घोड्याच्या तोंडावर चढवायचा साज हे तिथेच ठरले. इनामगावला, जिथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षे खोदाई केली, चार पायांचा मातीचा मोठा रांजण निघाला. धान्याची कोठी म्हणावी असाच आकार. आत एक प्रौढ पुरुष बसवून पुरलेला होता. आकारावर विश्वास ठेवला असता तर चूक झाली असती. उलट त्याच वसाहतीतले जमिनीतले गोल खड्डे पाहून मराठवाड्यातल्या माणसाला काही विचारावेच लागत नाही, तो पेव म्हणून मोकळा होतो. दगडामातीच्या गोळ्यांचेही तसेच. ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर उभे राहून गोफण फिरवलेल्या माणसाला गुंडा ओळखायला वेळ लागत नाही.

म्हणूनच नांगराच्या फाळाला लागून वर आलेली वस्तू उचलून, धुऊन, चिंचेने घासून देव्हाऱ्यात किंवा कपाटात ठेवणे हे सर्वांत मोठे नुकसान. जागा हरवते, चिकटलेले धान्य-तेल-काजळी जाते आणि झीज पुसट होते.

झिजेची भाषा वाचायचे शास्त्र रशियन संशोधक सर्गेई सेम्योनोव्ह यांनी घडवले. त्यांचे पुस्तक १९५७ मध्ये रशियनमध्ये आले. दगडी हत्यार सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्याने लाकूड कापले, कातडे खरवडले की गवत कापले हे सांगता येते, हा त्यांचा मुद्दा. पण इथेही शेवटची खूण पुष्कळदा जिवंत कारागिराकडून येते. फ्रान्समध्ये निअँडरथल माणसाच्या थरांत हाडाच्या गुळगुळीत टोकाचे तुकडे मिळाले, सुमारे ५० हजार वर्षांपूर्वीचे. कातडे चोळून मऊ आणि चकचकीत करायचे हे साधन असल्याचे २०१३ मध्ये जाहीर झाले, कारण चामड्याचे कारागीर आजही हुबेहूब तसेच साधन वापरतात.

घरातल्या वस्तूंवर हीच नजर सूक्ष्मदर्शकाशिवायही चालते. हात कुठे धरला जात होता? तिथले लाकूड काळसर आणि तुळतुळीत झालेले असते. दोर कुठून घासला? तिथे खाच पडते. पाटा मधे खोलगट होतो. विळीचे पाते एका जागीच आत जाते. जात्याच्या तळीवर टाकीचे घाव ताजे असतील तर टाकी लावल्यानंतर त्यावर फार दळण झालेले नाही. पाथरवटाने टाकी लावल्यावर पीठ बारीक पडते आणि वापराने ते घाव पुन्हा बुजतात.

शेतात सापडणाऱ्या एका वस्तूवर तर पुष्कळजण फसतात. अर्ध्या चंद्रासारखी लोखंडी चपटी पट्टी, काठाला तीन-चार भोके. दागिना म्हणावा तर जड, बाणाचे टोक म्हणावे तर धार नाही. तो बैलाचा नाल असतो. घोड्याचा खूर अखंड, म्हणून त्याचा नाल पूर्ण वळणाचा. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन पट्ट्या. डांबरी रस्त्यावर आणि मुरमात गाडी ओढणाऱ्या बैलांना ते ठोकत. जनावराच्या पायाचा आकार डोळ्यांपुढे आणला की कोडे सुटते.

दुसरी फसवणूक करणारी वस्तू म्हणजे लोखंडी कड्याला लटकणारे चार-सहा आकडे. मांस टांगायचे, चोराला छळायचे, असे काहीबाही तर्क ऐकू येतात. तो गळ. आडात पोहरा पडला की दोराला गळ बांधून खाली सोडायचा आणि तळ चाचपत फिरवायचा, कुठला तरी आकडा कडीत अडकतोच. गावात एक-दोन घरांतच गळ असे आणि तो मागायला सगळी आळी येई. नळ आले, आड बुजले, गळाला काम उरले नाही.

वस्तू गूढ वाटण्याचे सर्वांत मोठे कारण मात्र वेगळेच आहे: तिचा निम्मा भाग कुजून गेलेला असतो. दोर, चामडे, बांबू, कापड टिकत नाही. लोखंड, दगड आणि पितळ टिकते. माळ्यावर एक मोठे लोखंडी कडे सापडते. ते मोटेच्या तोंडाचे. त्याला शिवलेली चामड्याची पिशवी गेली, तिची सोंड गेली. नाडा म्हणजे मोट ओढायचा जाड दोर आणि सोंदूर म्हणजे सोंडेला बांधलेला बारीक दोर, तेही गेले. विहिरीवर मोटेचे चाक राहिले तर राहिले. थारोळ्याचा दगड पुष्कळ ठिकाणी अजून आहे, पण मोटेचे पाणी त्यावर ओतले जाई हे नव्या पिढीला ठाऊक नाही, म्हणून तो कपडे धुवायचा दगड ठरला आहे. तिफणीमागे ओढायचे सरते, जुवाच्या शिवळा, वासराच्या तोंडाचे मुसके, चुकार जनावराच्या गळ्यातले लोढणे: यातली एकही वस्तू एकटी काही सांगत नाही.

नाव कळले की दार उघडते. आणि नावांच्या बाबतीत मराठी माणूस भाग्यवान आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला, त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये. त्यात सुतार, लोहार, कोष्टी, शेतकरी यांच्या अवजारांचे शब्द हजारोंनी आहेत. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत काढलेला ‘महाराष्ट्र शब्दकोश’ त्याहून विस्तृत. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५ सालचा. बलुतेदार गावाला काय काय करून देत, याचा तो बारकाईने केलेला हिशेब आहे. जात्यावरच्या ओव्या हे तर वस्तूंचे भांडार. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या पुढाकाराने खेड्यापाड्यांतल्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. वस्तू कुठल्या खोलीत असे, कुणी वापरावी, कुणी शिवू नये, हे अशा ओव्यांत शोधावे; संग्रहालयाच्या पाटीवर ते सहसा नसते.

कोशाची एक मर्यादा आहे. शब्द ठाऊक असेल तर अर्थ सापडतो. वस्तू हातात आणि शब्द ठाऊक नाही, तर कोश मुका राहतो. शिवाय एकाच वस्तूचे नाव वीस कोसांवर बदलते आणि एकाच नावाच्या दोन वस्तू निघतात. ‘धाव’ म्हणजे गाडीच्या चाकावर चढवलेली लोखंडी पट्टी, आणि मोटेचे बैल ज्या उतारावरून खालीवर करतात तीही धावच.

मापांमध्ये तर उपयोग ठरवायला धान्यच लागते. लाकडी किंवा पितळी, एकात एक बसणारी भांडी मिळाली की सजावटीचा संच समजून ती वेगळी करू नयेत. दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. लहान भांडे ज्वारीने भरून मोठ्यात ओतत जावे. दुपटीचा हिशेब जुळला की मापे ठरली. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे इथल्या मापांवर आणि वजनांवर उर्दू अक्षरे दिसली तर नवल नाही. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा, त्यानंतर काही वर्षांत शेर-पायली बाजारातून हटली. खेड्यातल्या बोलण्यातून मात्र पायली अजून गेलेली नाही.

कारखान्यात ओतलेल्या लोखंडाचा शोध त्या मानाने सोपा, कारण त्यावर अक्षरे असतात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात आधी कडबा कापायची यंत्रे केली आणि १९०३ मध्ये लोखंडी नांगर बाजारात आणला. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. लोखंडाने जमीन नासते या समजामुळे शेतकरी आधी त्या नांगराला हात लावीनात. अशा यंत्राचा एखादाच दात, एखादेच पाते घरात उरते. ओतीव भागावरचा क्रमांक पुसू नये, रंगवू नये. कारखान्याच्या जुन्या सूचिपत्रात तोच क्रमांक चित्रासह मिळू शकतो.

असईच्या आसपासच्या गावांना तर वेगळाच प्रश्न पडू शकतो. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणा आणि जुई या नद्यांच्या दुबेळक्यात शिंदे-भोसल्यांची फौज आणि आर्थर वेलस्लींची इंग्रज फौज यांची लढाई झाली. शिंद्यांच्या युरोपीय धर्तीच्या ९८ तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. या भागात लोखंडी गोळा सापडला की तो तोफेचाच, असे मन म्हणते. पण खाणी आणि सिमेंटच्या गिरण्यांत दगड दळायलाही लोखंडी गोळे लागतात. म्हणून काटा आणि फूटपट्टी घ्यावी. सहा पौंडी तोफेचा भरीव गोळा सुमारे नऊ सेंटीमीटर व्यासाचा आणि पावणेतीन किलोच्या जवळपास भरतो. व्यास आणि वजन त्या काळच्या एकाही तोफेशी जुळत नसेल, तर लढाईचा मोह सोडावा.

उपयोग ठाऊक नसला की भीती आणि लोभ दोन्ही शिरतात. तांब्याच्या जुन्या भांड्यात तांदूळ ओढून घेणारी शक्ती आहे, परदेशात त्याला कोटींची किंमत येते, असे सांगून ‘राइस पुलर’च्या नावाखाली लोकांना लुबाडल्याच्या घटना देशभर घडल्या. ज्या घराला ते भांडे कसले आहे हे ठाऊक असते, ते घर या जाळ्यात सहज सापडत नाही. कायदाही माहीत हवा. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनी पुरावस्तू परदेशी नेण्यावर बंदी आहे. माळ्यावरच्या चाड्याला, गळाला, मोटेच्या कड्याला यातले सहसा काही लागू होत नाही. त्यांना मागणारा तस्कर नाही आणि राखणारा कायदाही नाही.

त्यांची वाट कुठे जाते, हे जालन्यात डोळ्यांनी दिसते. ‘जालना, सोने का पालना’ म्हणून मिरवणारे हे शहर आता सळ्यांचे शहर आहे. औद्योगिक वसाहतीतल्या भट्ट्यांत भंगार वितळते आणि त्याच्या सळ्या ओढल्या जातात. गावोगावच्या माळ्यांवरचे लोखंड भंगारवाल्याच्या गाडीवरून किलोच्या भावाने अशाच भट्ट्यांकडे जाते, पितळ आणि तांबे मोडीत निघते, लाकूड चुलीत. बैलाचा नाल, फाळ, वखराची पास, कोळप्याचे पाते, गळ: सगळे एकाच काट्यावर चढते आणि काट्याला फक्त वजन कळते. त्यात कुणाचा दोष काढता येत नाही. घरात जागा नाही, वस्तूला काम नाही, पैसे रोख मिळतात. पण काट्यावर चढण्याआधी पंधरा मिनिटे काढणे शक्य आहे.

त्या पंधरा मिनिटांत करायचे ते असे. वस्तू न घासता, शेजारी रुपयाचे नाणे ठेवून, सर्व बाजूंनी मोबाइलवर छायाचित्रे घ्यावीत. मग घरातल्या किंवा शेजारच्या सर्वांत वयस्कर माणसाच्या हाती ती द्यावी आणि ‘हे काय आहे?’ एवढेच न विचारता ‘वापरून दाखवा’ म्हणावे, आणि त्याचे चित्रीकरण करावे. नाव विसरले तरी हात विसरत नाहीत. नाव जसे उच्चारले तसेच लिहावे, प्रमाण मराठीत बदलू नये. तिला काय जोडलेले असे, ती कुणी घडवली, गावातल्या किती घरांत होती, बाई वापरत की पुरुष, कुठल्या महिन्यात बाहेर निघे, हे विचारावे. गावाचे नाव लिहावे. ज्या शाळेत इतिहासाच्या प्रकल्पाला दरवर्षी तेच किल्ले पुठ्ठ्यात उभे राहतात, त्या शाळेने एक वर्ष मुलांना हे काम द्यावे. एका तालुक्याचा वस्तुकोश एका उन्हाळ्यात उभा राहील आणि तो दाते-कर्व्यांना पुरवणी म्हणून शोभेल.

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी स्थापन झाला, तोवर विजेचे पंप बऱ्याच विहिरींवर पोचले होते आणि मोटा थांबत चालल्या होत्या. शेवटच्या मोटांच्या नाड्यावर बसून धावेवरून खाली गेलेली पोरे आता साठी-सत्तरीत आहेत. नाडा ताणला की आवाज कसा येई, बैल मागे सरकताना सोंदूर केव्हा सैल सोडायचा, हे ती माणसे अजून डोळे मिटून, दोन्ही हात हवेत धरून दाखवतात.